घरातील जुने स्पीकर : कडा गळाली म्हणून पेटी बाद होत नाही

नाशिकच्या एम.जी. रोडवर आज मोबाइल आणि मोबाइलच्या कव्हरांची दुकाने एकाला एक लागून आहेत. रेडिओ-टेप दुरुस्त करणारी टेबले आता शोधावी लागतात. तरीही मधूनमधून कोणीतरी चादरीत गुंडाळलेल्या दोन लाकडी पेट्या रिक्षातून आणतो, दुकानाच्या पायरीवर ठेवतो आणि विचारतो, "भाई, हे दुरुस्त होतील का?" बहुतेक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळते : "याचे सामान येत नाही, फेकून द्या, नवे घ्या."

हे उत्तर दोन्ही बाजूंनी तोट्याचे आहे. गिऱ्हाईक त्याची जपून ठेवलेली वस्तू गमावतो आणि कारागीर हाती आलेले काम गमावतो. वास्तविक घरगुती स्पीकरची जोडी ही दुरुस्तीला सर्वांत सोपी असलेल्या विजेच्या वस्तूंपैकी एक आहे. तिच्यात चिप नाही, प्रोग्रॅम नाही, लपवलेले काही नाही. कागद, तांब्याची तार, लोहचुंबक, गोंद आणि लाकूड एवढाच मामला. ज्याचा हात हलका आणि स्वभाव शांत आहे, त्याला हे काम जमते. म्हणून आजच्या पाठात आम्ही या जोडीचे काय बिघडते, ते कसे ओळखावे, कसे दुरुस्त करावे आणि कशाला हात लावू नये, हे सविस्तर सांगणार आहोत.

शंभर वर्षांची जुनीच रचना

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याची रचना १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या राइस आणि केलॉग या दोघांनी कागदोपत्री पक्की मांडली. चुंबकाच्या बारीक फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदी कोन आणि कोनाला कडेने धरून ठेवणारी लवचीक पट्टी. त्यानंतर चुंबक बदलले, गोंद सुधारले, कागदाच्या जोडीला प्लास्टिकचे कोन आले, पण रचना तीच राहिली. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. ज्याने एक वूफर नीट उघडून बसवला, त्याला ऐंशी सालचा जपानी आणि कालचा देशी वूफर दोन्ही कळतात.

आपल्याकडे घरात अशा जोड्या आल्या त्या मुख्यतः १९७० नंतर. कलकत्त्याची सोनोडाइन कंपनी १९७० सालची. फिलिप्स, कॉस्मिक यांच्या पेट्याही घराघरांत दिसत. ज्यांना कंपनीचा माल परवडत नसे ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे स्पीकर आणून सुताराकडून पेटी करून घेत. आणि आमच्या वस्त्यांत तिसरी वाट होती, ती आखाती देशांची. दुबई, कुवेत, सौदीला गेलेला माणूस दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर आला की त्याच्या सामानात घड्याळ, कापड, अत्तर यांबरोबर म्युझिक सिस्टिमचे खोके असायचेच. त्या खोक्यासाठी त्याने तिकडे किती महिने हात आखडून खर्च केला, हे घरच्यांना माहीत असते. म्हणूनच अशी जोडी चाळीस वर्षांनीही भंगारात जात नाही, माळ्यावर जाते.

(जाता जाता : सौदीतून आलेल्या काही अँप्लिफायरच्या मागे ११० किंवा १२७ व्होल्टचा निवडीचा खटका असतो. स्पीकर तपासण्याच्या घाईत सेट सरळ २३० व्होल्टच्या प्लगला लावू नये. आधी मागची पट्टी वाचावी.)

कडा का गळते

शंभरातल्या किती पेट्या कशाने बंद पडतात याचा हिशोब आमच्याकडे नाही, पण आमच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक जोड्यांची तक्रार एकच असते : वूफरच्या कडेची फोमची रिंग चुरा झालेली असते. बोट लावले की काळी-तपकिरी पूड हाताला लागते. गिऱ्हाइकाला वाटते उंदराने खाल्ली. उंदराचा यात काही दोष नाही. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील दमटपणा आणि उष्णता यांनी त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. पेटी वाजवा किंवा माळ्यावर ठेवा, साधारण दहा ते वीस वर्षांत तो मोडतो. नाशिकचा पावसाळा, त्यानंतर एप्रिल-मेचा कडक उन्हाळा, आणि पत्र्याखालची माळ्याची जागा मिळाली की हे काम लवकर होते. रबराची कडा असेल तर ती बरीच जास्त टिकते. कापडी कडा तर आणखी टिकाऊ. म्हणून पेटी हातात आली की पहिला प्रश्न : कडा कशाची आहे?

फोम गळालेली पेटी कोणी वाजवत राहिला तर मग खरे नुकसान होते. कोनाला कडेचा आधार उरत नाही, तो तिरका हलू लागतो, आणि कॉइल चुंबकाच्या फटीत घासू लागते. ही फट कॉइलच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. थोडे दिवस घासले की तारेवरचा लेप निघतो आणि कॉइल जाते. ज्या गिऱ्हाइकाचा फोन येईल त्याला पहिला सल्ला हाच द्यावा की पेटी आणेपर्यंत वाजवू नका.

तपासणी : सेल, मीटर आणि दोन अंगठे

पेटी आली की लगेच अँप्लिफायरला जोडण्याची सवय वाईट. आधी जाळी काढावी आणि डोळ्यांनी पाहावे. मग वूफरच्या कोनावर मधल्या टोपीच्या दोन बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलके, सरळ आत दाबावे. कोन मऊपणे आत-बाहेर गेला तर कॉइल मोकळी आहे. खर्र असा बारीक आवाज आला तर ती घासते आहे.

त्यानंतर मल्टीमीटर. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवते, चार ओहमची तीन ते साडेतीनच्या आसपास. नवशिके कारागीर "आठचा सहा दाखवतो, म्हणजे कॉइल शॉर्ट" असे समजून चांगली कॉइल काढतात. तसे नाही. पेटीवर लिहिलेले आठ ओहम हे चालू आवाजातले आहेत आणि मीटर सरळ प्रवाहावर मोजतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच कॉइल मेली असे ठरवू नये. कोनापासून बाहेरच्या पट्टीपर्यंत जी विणलेली लवचीक तार झुलते, ती हजारो-लाखो वेळा हलून कोनाजवळच तुटते. ती बदलली की दोन तासांत स्पीकर जिवंत.

शेवटी दीड व्होल्टचा साधा सेल. त्याची दोन टोके क्षणभर स्पीकरच्या दोन पट्ट्यांना लावावीत. लाल पट्टीला सेलचे अधिक टोक लावल्यावर कोन बाहेर उडी मारतो, ही सर्वसाधारण रीत. अमेरिकेच्या जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरांत ती उलटी होती, कोन आत जाई. म्हणून रीतीपेक्षा महत्त्वाचे हे की दोन्ही पेट्यांचे कोन एकाच दिशेने गेले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर दोन पेट्या एकमेकींची हवा खातात आणि बेस गायब होतो. कित्येक "बिघडलेल्या" जोड्यांत फक्त एवढीच तार उलटी असते.

ट्वीटर सेलवर तपासताना सेल क्षणभरच टेकवावा. बारीक टिक् आवाज आला की तो जिवंत आहे.

फोम बसवण्याचे काम

आता मूळ कामाकडे येऊ. वूफर पेटीतून काढण्याआधी खडूने किंवा पेन्सिलीने खूण करावी : कोणता उजव्या पेटीतला, वरची बाजू कोणती, कोणत्या रंगाची तार कुठे. स्क्रू काढताना एक हात कोनाच्या पुढे आडवा ठेवावा, कारण चुंबक स्क्रू-ड्रायव्हर खेचून घेतो आणि त्याचे टोक कागदात घुसते. हा अपघात टेबलावर फार होतो.

जुना फोम काढताना घाई चालत नाही. लोखंडी चौकटीवरचा गोंद पातळ पात्याने आणि स्पिरिटने निघतो. कोनाच्या कडेवरचा गोंद मात्र बोटाने चोळून, थोडा थोडा काढावा. कागदी कोनाला भिजवू नये, तो फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. या वेळी एक गोष्ट नीट पाहून ठेवावी : फोम कोनाच्या पुढच्या बाजूने चिकटवला होता की मागच्या. काही कंपन्या मागून चिकटवतात, आणि नवा फोमही तसाच लागतो.

नवा फोम फक्त "आठ इंची" म्हणून मागवू नये. आठ इंचीमध्ये अनेक मापे आहेत. कोनाचा बाहेरचा व्यास, फोमच्या गोल वळणाची रुंदी, चौकटीवर बसणाऱ्या पट्टीचा बाहेरचा व्यास आणि कोनावर बसणारी पट्टी सपाट आहे की उतरती, एवढी मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत आणि लिहून द्यावीत. वळण अरुंद असेल तर कोन अडतो, रुंद असेल तर सैल पडतो.

फोम मिळत नाही म्हणून रेक्झिन, कातडे किंवा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवणारे कारागीर आहेत. कोन हलतो, आवाज येतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. पण ही दुरुस्ती नव्हे. वूफरची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, आणि ती कोनाचे वजन व त्याला धरून ठेवणाऱ्या कडेचा-स्पायडरचा ताण यांवर ठरते. हा एकूण ताण चौपट झाला तर ती वारंवारता दुप्पट होते. म्हणजे जो वूफर ३५ हर्ट्झपर्यंत खाली जायचा तो ७० वरच थांबला. तबल्यातला बायाँ नुसता ठकठक वाजतो. पेटी जुनीच दिसते, पण तिचा गळा बदललेला असतो.

चिकटवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मधली टोपी धारदार पात्याने कडेने कापून काढतात आणि आतल्या फटीत जाड कागदाच्या किंवा एक्स-रे फिल्मच्या चार सारख्या पट्ट्या चार बाजूंनी सरकवतात. त्यामुळे कॉइल बरोबर मध्यात धरली जाते. मग फोम आधी कोनाला आणि नंतर चौकटीला चिकटवतात. गोंद वाळल्यावर पट्ट्या काढून टोपी परत बसवतात. दुसऱ्या पद्धतीत टोपीला हात लावत नाहीत. फोम कोनाला चिकटवून पूर्ण वाळू देतात, मग चौकटीला गोंद लावून, तो ओला असतानाच अंगठ्यांनी कोन आत-बाहेर करत मध्य शोधतात. अँप्लिफायरवर २०-३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडून कान देतात. खरखर आली की फोम केसभर सरकवायचा. हा सूर पूर्वी मोठ्या वर्कशॉपमध्ये यंत्रावरच मिळे, आज कोणत्याही मोबाइलमध्ये मिळतो.

आमचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण मूळ टोपी जशीच्या तशी राहते. पण ज्याचा हात नवा आहे, किंवा ज्या स्पीकरचा स्पायडर सैल पडला आहे, तेथे पट्ट्यांचीच पद्धत खात्रीची.

गोंद कोणता? झटपट चिकटणारा मुळीच नको. तो कडक होतो, फोम खातो, आणि चूक सुधारायला वेळ देत नाही. वाळल्यावर लवचीक राहणारा, पाण्यावर आधारित पांढरा गोंद किंवा स्पीकरसाठी मिळणारा खास गोंद वापरावा. लावल्यावर कपड्याच्या चिमट्यांनी कडा धरून ठेवावी आणि किमान एक दिवस हात लावू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला स्वच्छ सांगावे की गोंद वाळण्याचा वेळ आमच्या हातात नाही.

कॉइल जळालीच असेल तर तीही बांधता येते. तार किती जाडीची, किती वेढे, दोन थर की चार, आणि गुंडाळण्याची दिशा कोणती, हे जुनी कॉइल उलगडताना मोजून लिहावे. पंखे आणि मोटारींचे वाइंडिंग करणारे कारागीर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशकात कमी नाहीत. ज्याला मोटार बांधता येते त्याला स्पीकरची कॉइल अवघड नाही, फक्त तार केसासारखी आणि माप अचूक.

एका जोडीची हकिकत

नाशिकरोडहून एक तरुण अशीच एक जोडी घेऊन आला. वडिलांनी १९८४ साली दुबईहून आणलेली. आठ इंची वूफर, एक इंची ट्वीटर, चारी बाजूंनी बंद पेटी. टेबलावरच्या उस्तादांना तो म्हणाला, "चाचा, अब्बा आता बाहेर फार जात नाहीत. रेडिओ लावतात आणि म्हणतात, आपल्या पेट्यांचा आवाज असा नव्हता. नवे घेऊन देतो म्हटले तर नको म्हणतात."

"आधी कुठे उघडल्या होत्या का, बेटा?" उस्तादांनी विचारले.

"हो, दोन वेळा. दोन निरनिराळ्या ठिकाणी."

पेट्या उघडल्यावर ते दिसलेच. डाव्या वूफरला रेक्झिनची पट्टी होती, उजव्याला गळालेला मूळ फोम. उजव्या पेटीत ट्वीटरच्या वाटेवर ४.७ मायक्रोफॅरडचा मूळ कंडेन्सर होता, डावीत कोणीतरी २.२ चा बसवला होता. आणि डाव्या वूफरची तार उलटी. एक पेटी एका गावची, दुसरी दुसऱ्या गावची. दोन्ही वाजत होत्या, पण जोडी उरली नव्हती.

येथे कंडेन्सरचा हिशोब समजून घ्यावा, कारण याच जागी सर्वांत जास्त दुरुस्त्या फसतात. ट्वीटरच्या आधी असलेला कंडेन्सर हा पहारेकरी आहे. तो जाड सूर अडवतो आणि बारीक सूर आत सोडतो. कोठून सोडायचे हे त्याच्या मापावर ठरते. टेबलावर लिहून ठेवावा असा हिशोब असा : १,५९,००० या आकड्याला ट्वीटरचे ओहम आणि कंडेन्सरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागावे. ८ ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड घेतले तर गुणाकार ३७.६ आणि उत्तर सुमारे ४,२०० हर्ट्झ. त्याच जागी २.२ बसवला तर उत्तर सुमारे ९,००० हर्ट्झ. म्हणजे ४,२०० ते ९,००० या पट्ट्यात वूफर दमलेला आणि ट्वीटर दाराबाहेर. गाणाऱ्याचे "स" आणि "श" याच पट्ट्यात असतात, बासरीची फुंकर, सतारीच्या तारेची धारही. डावी पेटी का घोगरी होती, हे कागदावरच्या दोन ओळींत कळते. त्यासाठी कानाची परीक्षा लागत नाही.

जुन्या पेट्यांतले कंडेन्सर बहुधा विनाध्रुव इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात, आणि वर्षानुवर्षांत ते आतून सुकतात. बदलताना त्याच मापाचा आणि विनाध्रुवच घ्यावा. अधिक-उणे खूण असलेला साधा कंडेन्सर येथे एकटा चालत नाही. अडचणीच्या वेळी १० मायक्रोफॅरडचे दोन साधे कंडेन्सर उणे टोके एकत्र जोडून ५ चा विनाध्रुव करण्याची जुनी युक्ती आहे. पण आज तयार माल मिळत असताना तिची गरज नाही. प्लास्टिक फिल्मचा कंडेन्सर जास्त टिकतो, मात्र त्याने ट्रेबल थोडा उजळ होतो. दोन्ही पेट्यांत एकाच जातीचा बसवावा, एकीत जुना आणि एकीत नवा असे करू नये.

त्या जोडीला दोन्ही बाजूंनी एकसारखे फोम, ४.७ चे दोन नवे कंडेन्सर आणि सरळ केलेली तार एवढेच लागले. ट्वीटर मूळचे होते, शाबूत होते. वूफर परत बसवताना त्याच्याखालची जुनी, चिपटलेली पट्टी काढून नवी घातली. बंद पेटीत हे विसरून चालत नाही. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरण्याची रीत काढली आणि लहान पेटीतून खोल बेस निघू लागला. पण हवा निसटली की ती स्प्रिंगही गेली. तपासायला सोपे आहे : वूफर हलके आत दाबून सोडावा. बंद पेटीत तो सावकाश परत येतो. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. ज्या पेटीला मुद्दाम भोक ठेवलेले असते तिची गोष्ट वेगळी, तेथे ते भोक बुजवू नये.

पेट्या घरी गेल्यावर चौथ्या दिवशी तरुणाचा फोन आला. अब्बांचे म्हणणे, आवाज साफ झाला, पण जरा टोचतो, आणि बेस कमी वाटतो. हे अपेक्षितच होते. सुकलेल्या कंडेन्सरच्या मंद आवाजाची सवय झालेल्या कानाला मूळ ट्रेबल आधी तीक्ष्ण वाटतो, आणि नवा फोम काही दिवस वाजल्यावर मोकळा होतो. पण दुसरेही एक कारण निघाले. पेट्या शोकेसच्या दोन खणांत, कपाटाच्या आत ठेवल्या होत्या. त्या बाहेर काढून स्टुलांवर, भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल अशा ठेवायला सांगितले. समोर जमिनीवर सतरंजी. सिमेंटच्या नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स आणि उघड्या भिंतींवरून आवाज उसळतो. जुन्या नाशकातल्या लाकडी वाड्यांत असे होत नसे, आणि वडिलांच्या कानात आवाज राहिला होता तो त्या जुन्या घरातला. तिसऱ्या आठवड्यात तो तरुण उरलेले पैसे द्यायला आला तेव्हा म्हणाला, आता घरात टीव्ही कमी आणि कॅसेट जास्त चालते. टेपरेकॉर्डरचा बेल्टही आता बदलून हवा आहे.

ट्वीटर आणि जास्तीचा आवाज

ट्वीटर जळाला की लोक म्हणतात, अँप्लिफायर फार मोठा होता. अनेकदा उलटे असते. लहान अँप्लिफायर पूर्ण आवाजावर चालवला की तो लाटेचे माथे कापून टाकतो, आणि त्या कापलेल्या लाटेतून बारीक सुरांची जास्तीची ऊर्जा ट्वीटरवर पडते. त्याची तार केसासारखी, ती तापून तुटते. स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटमधला एखादाच वॅट आवाज होतो, बाकी सगळी उष्णता होऊन कॉइलवरच बसते, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. आवाज फाटू लागला की बटण मागे, एवढे जरी त्याने पाळले तरी पुरे.

धंद्याच्या दोन गोष्टी

दुरुस्तीचा हक्क या विषयावर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चांगलाच आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या पेटीचे भाग कोणतीही कंपनी देणार नाही. तेथे कारागिराची वहीच कामाची. प्रत्येक जोडीची मापे, फोमचे आकडे, कॉइलचे वेढे, कंडेन्सरची मापे लिहून ठेवावीत. दुसऱ्यांदा तशीच जोडी आली तर निम्मा वेळ वाचतो. पेटीच्या आतल्या बाजूलाही तारीख आणि काय बदलले ते पेन्सिलीने लिहावे. पुढच्या कारागिराला, तो कोणीही असो, त्याचा उपयोग होतो.

दर सांगताना मालाचे पैसे आणि हाताचे पैसे वेगळे सांगावेत. फोम स्वस्त आहे, वेळ महाग आहे, आणि हे गिऱ्हाइकाला आधी कळले तर वाद होत नाही. एकाच वूफरची कडा गेली असली तरी दोन्हींच्या बदलाव्यात. तसे आधीच सांगावे, मागून नव्हे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत. आणि कोणाची पेटी दुकानात असेपर्यंत तिच्यातला चांगला मूळ ट्वीटर दुसऱ्याच्या पेटीत जाणार नाही, ही गोष्ट सांगायची नसते, पाळायची असते. पेटी ही अमानत आहे. या धंद्यात नाव गेले ते बहुधा याच कारणाने गेले.

ज्यांना यात थोडी गुंतवणूक करायची आहे त्यांनी भंगारवाल्यांकडे आणि घरे रिकामी होतात तेथे लक्ष ठेवावे. जुन्या बंगल्यांतून आणि फ्लॅटमधून जोड्या वजनाच्या भावाने निघतात. खिशात एक सेल आणि लहान मीटर असले की जागेवर परीक्षा होते. फोम गळालेला असेल तर घाबरू नये, उलट भाव पाडून घ्यावा. पेटीचे लाकूड मात्र नीट पाहावे. प्लायवूड असेल तर उत्तम, पण भुशाच्या बोर्डाची पेटी खालून पाण्याने फुगली असेल तर तिला उपाय नाही. वाळवीसाठी मागची फळी बोटाने ठोकून पाहावी. दोन्ही पेट्यांच्या मागच्या पट्टीवरचे नंबर वाचावेत. मूळ जोडीचे नंबर बहुधा लागोपाठ किंवा जवळचे असतात. एकटीच पेटी मिळाली तर ती जोडीच्या भावाने घेऊ नये, पण सोडूही नये. तिचा ट्वीटर आणि कॉइल कधीतरी दुसऱ्या कोणाच्या पेटीला लागेल.